इतर उत्सव

चहाचा कप घेऊन जिना चढता चढता उल्का मध्येच थबकली, कारण वरच्या छोट्या खोलीत तिची चौदा वर्षांची मुलगी माणसं विकत आणायच्या हक्कासाठी भांडत होती.

"जहाजं थांबवायची असतील तर तुमचा देश तुम्हीच करा," तन्वी लॅपटॉपला ठणकावून सांगत होती. "आम्ही नाही सही करणार. आमची शेतं कोण कसणार? तुम्ही?" हे सगळं अर्थातच इंग्रजीत, आणि तेही अशा आयरिश हेलात, की पोटच्या पोरीचं बोलणं मनात मराठी करून घेईपर्यंत उल्काचा चहा निवला.

फेब्रुवारी चालू होता, करोनामुळे शाळा बंद, अख्खं डब्लिन आपापल्या घरापासून पाच किलोमीटरच्या वर्तुळात कोंडलेलं. इतिहासाच्या बाईंनी मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून ऑनलाइन वर्गात अमेरिका स्थापन करायला घेतली होती. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक राज्य. चिठ्ठ्या टाकल्या आणि तन्वीला आलं साउथ कॅरोलायना.

"अगं, पण तू गुलामीच्या बाजूने बोलते आहेस?"

"इट्स अ रोल, आई."

"आणि तुला चालतंय ते?"

"इट्स ग्रँड."

आयर्लंडात येऊन नऊ वर्षं झाली तरी 'ग्रँड' म्हणजे नक्की किती बरं, हे उल्काला उमगलं नव्हतं. पाय मोडलेली माणसंही इथे ग्रँड असतात. तिने निवलेला चहा टेबलावर ठेवला आणि खाली आली, कारण खाली तिची स्वतःचीही एक स्थापना अडून बसली होती.

त्याचं असं झालं. ओंगार, ॲडम्सटाउन, टॅला अशा पश्चिम आणि दक्षिण डब्लिनमधल्या मराठी घरांनी ठरवलं की आपलं एक मंडळ हवं. भेटणं शक्य नव्हतं म्हणून झूमवर ठरवलं, आणि झूमवर माणसाला फार काही करता येत नसल्यामुळे मंडळाची घटना लिहायचं ठरलं. मुहूर्त पाडव्याचा. लिहायचं कुणी? तर उल्काने. ती शनिवारी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवायची, तेवढ्यावर तिला शब्दांतलं कळतं अशी सर्वांची समजूत होती. तिचीही थोडीशी होतीच.

सहा कलमं सुरळीत झाली. सातवं उत्सवांचं. संक्रांत, शिवजयंती, पाडवा, गणपती, कोजागरी, दिवाळी. मग ग्रुपवर निशिगंधाचा मेसेज आला. निशिगंधा टॅलाच्या हॉस्पिटलात डॉक्टर, मूळची नागपूरची. तिची सानिका उल्काच्या शनिवारच्या वर्गात, त्यातून दोघींची मैत्री जुळलेली. मेसेज साधा होता: 'पाडवा तेरा एप्रिलला आहे. चौदाला बाबासाहेबांची जयंती. लागूनच येतात, दोन्ही घेऊया का?'

बटाटेवड्यात ओवा घालावा की नाही यावर दोन दिवस पेटलेला तो ग्रुप एकदम गार पडला. दुपारी कुणीतरी सूर्योदयाचं चित्र टाकून 'शुभ प्रभात' म्हटलं.

संध्याकाळी नंदकुमारदादांचा फोन आला. नंदकुमारदादा ॲडम्सटाउनचे, डब्लिनमध्ये सगळ्यांच्या आधी आलेले. ॲडम्सटाउनमधली बहुतेक कुटुंबं त्यांनीच विमानतळावरून उचलून आणलेली, भाड्याची घरं बघून दिलेली. माणूस वाईट नव्हता. उल्का आणि तिचा नवरा प्रताप पहिल्यांदा इथे उतरले तेव्हा चार दिवस त्यांच्याच घरी जेवले होते.

"उल्काताई, माझ्या मनात काही नाही हं," ते म्हणाले. "माझा आदर आहेच. पण आपलं मंडळ सांस्कृतिक. राजकारण शिरलं की संपलं. आज ही जयंती, उद्या आणखी कुणाची."

"पण शिवजयंती आहे की आपल्या यादीत."

"ती वेगळी."

"कशी?"

"कशी म्हणजे! ती सगळ्यांची आहे." मग थोडं थांबून, अगदी हळू आवाजात, "हे बघा, आमच्याकडच्या लोकांचं म्हणणं मी तुम्हाला पोचवतोय फक्त. ते बाहेर पडतील. मी एकटा काय करणार?"

त्यांच्या मागोमाग रवींद्र. रवींद्र ओंगारचाच, दोन गल्ल्या सोडून राहणारा, मंडळाचा होऊ घातलेला अध्यक्ष. कुणालाही नाही म्हणता येत नाही, एवढ्या एका गुणावर त्याला सगळ्यांनी निवडलेलं.

"वहिनी, मतदान नको. मतदान झालं की माणसं तुटतात. एकमताने व्हायला हवं. तुम्हाला शब्दांतलं कळतं, काहीतरी असं लिहा की दोघांनाही आपलंच झालं असं वाटेल."

उल्काला हे आव्हान आवडलं, हे कबूल करायला हवं. ओट्याशी उभं राहून तिने दोन ओळी जमवल्या: 'आणि कार्यकारिणीच्या सोयीनुसार इतर उत्सव. या यादीत पहिली तीन वर्षे बदल करता येणार नाही.' नाव कुणाचंच नाही, नकार कुणालाच नाही. रवींद्रने टाळ्या वाजवणारे हात पाठवले. नंदकुमारदादांनी लिहिलं, 'याला म्हणतात समंजसपणा.' निशिगंधाला तिने वेगळा मेसेज केला, जरा लांबलचक, 'तुला वाईट वाटणार नाही ना' वगैरे. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, रात्रपाळी संपल्यावर. 'ठीक आहे. लिही.'

तीन शब्द. उल्काने ते पुन्हा पुन्हा वाचले. ठीक आहे म्हणजे ठीक आहे? की पाय मोडलेल्या माणसाचं ग्रँड?

मार्च लागला. एका दुपारी तन्वी खाली आली आणि प्रेस उघडून बिस्किटं शोधायला लागली. कपाटाला प्रेस म्हणायचं हे ती शाळेत शिकली होती, आणि आता प्रतापसुद्धा म्हणायचा.

"आमची डील झाली," ती म्हणाली. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची वेळ आली की मात्र एखादा शब्द टाकून ती पुन्हा आपल्या इंग्रजीत शिरायची. "साउथ कॅरोलायना राहिली. गुलामांची जहाजं वीस वर्षं कुणी थांबवायची नाहीत. आणि मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं."

"म्हणजे तुझ्या बाजूचे म्हणत होते मोजूच नका, आणि समोरचे म्हणत होते पूर्ण मोजा?"

"नो, उलटं. माझी साइड म्हणत होती पूर्ण मोजा."

उल्काच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. "ज्यांनी डांबून ठेवलं, तेच म्हणतात पूर्ण मोजा?"

"हो. जितकी माणसं जास्त, तितक्या आम्हाला सीट्स जास्त. त्यांना व्होट नाही, काहीच नाही. फक्त मोजायचं. आणि जे गुलामीच्या विरुद्ध होते ते म्हणाले, मोजू नका."

"मग चांगलं कोण?"

"आई, इट्स हिस्ट्री," तन्वी बिस्किट चावत म्हणाली. "आणि सगळ्यात वीअर्ड काय, माहितीये? त्यांच्या खऱ्या कॉन्स्टिट्यूशनच्या पूर्ण कागदात स्लेव्ह हा वर्डच नाही. कुठेच नाही. 'अदर पर्सन्स' लिहिलंय. लिहिणाऱ्यांना लाज वाटत होती म्हणे."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला प्रताप कानांवर हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसला होता. त्याने माईक बंद करून विचारलं, "आमटी जळतेय का?"

जळतच होती.

उल्काने गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिली. इतर माणसं. इतर उत्सव. वीस वर्षं. तीन वर्षं. छे, तिने स्वतःला दटावलं, कुठे ती जहाजं आणि कुठे आपला तिळगूळ. एवढ्या मोठ्या दुःखाशेजारी आपली घटना नेऊन ठेवणं हाच मुळी आगाऊपणा. पण मग तिला आठवलं की मागच्याच आठवड्यात गणपतीच्या हॉलसाठी आगाऊ अर्ज करताना रवींद्र किती खुशीत म्हणाला होता, "टॅलाची घरं धरली की आपला आकडा मस्त दिसतो, वहिनी." निशिगंधा आणि तिच्या ओळखीची घरं. हॉल मागताना ती पूर्ण मोजलेली होती.

"काय गं?" प्रतापने विचारलं.

"आपण कधी केली का रे जयंती? घरी?"

"चौदा एप्रिलची? नाही बुवा. सुट्टी असायची." तो जरा ओशाळला. "का?"

"काही नाही," उल्का म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं, कारण काय आहे ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

रविवारी दुपारी सभा भरली. झूमवर खिडक्याच खिडक्या, प्रत्येकीत एक सोफा. नंदकुमारदादांनी झब्बा घातला होता. त्यांच्याशेजारी स्नेहलतावहिनी, ज्या पाडव्यासाठी झूमवरच मुलींचा नाच बसवत होत्या. त्या नाचात सानिकाही होती. निशिगंधाची खिडकी काळी, त्यावर पांढऱ्या अक्षरांत तेवढं नाव.

उल्का एकेक कलम वाचत गेली. सहाव्यापर्यंत माना डोलल्या. सातवं आलं. दिवाळीपर्यंत वाचून झालं आणि पुढची ओळ डोळ्यांसमोर असूनही तोंडातून येईना.

"वहिनी, म्यूट झालात," रवींद्र म्हणाला.

"ताई, डावीकडे खाली बघा, माईकचं चित्र असतं," नंदकुमारदादांनी मदत केली.

"मी म्यूट नाहीये," उल्का म्हणाली, आणि मग तिने जे वाचलं ते कागदावर नव्हतं. "दिवाळी, आणि चौदा एप्रिल, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती. कलम सात समाप्त."

कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"हे ठरलं नव्हतं," नंदकुमारदादा म्हणाले.

"वहिनी, अहो, एकमत झालं होतं," रवींद्रचा आवाज रडवेला.

"माझं नव्हतं झालं बहुतेक," उल्का म्हणाली. "मला आत्ता कळलं."

"मग तुमचं चालू द्या." नंदकुमारदादा रागावले नव्हते, दुखावले होते, आणि तेच उल्काला सोसवेना. त्यांची खिडकी गेली. मग ॲडम्सटाउनच्या खिडक्या एकामागून एक गेल्या. उरलेली माणसं पडद्यावर आपोआप मोठी झाली आणि एकमेकांकडे बघत राहिली. निशिगंधाचं नाव तसंच होतं, काळ्यावर पांढरं. उल्काला वाटलं, तिला भरून आलं असेल.

सकाळी फोन आला.

"काय करून राहिली होती तू काल?" निशिगंधाच्या आवाजात भरून आल्याचं काही लक्षण नव्हतं.

"अगं, मला वाटलं..."

"तुला वाटलं. आधी वाटलं चालेल, तर काढलं. मग वाटलं चालणार नाही, तर घातलं. मला विचारलं का?"

"पहिल्यांदा विचारलं होतं ना. तू ठीक आहे म्हणालीस."

"म्हणालेच होते! सानिका त्या नाचासाठी वेडी झाली होती. वर्षभर पोरगी घरात एकटी, मी वॉर्डात. म्हटलं, तिला चार मैत्रिणी मिळू दे. तीन वर्षांत मी कमिटीत येते, मग बघते एकेकाला. हे मी ठरवलेलं होतं, उल्का. मला पटलं म्हणून नाही, मला परवडलं म्हणून. आता स्नेहलतावहिनींनी नाच रद्द केला. आणि लोक काय म्हणून राहिले? टॅलाच्या डॉक्टरीणबाईंनी मंडळ फोडलं. तुझं नाव कुणी घेत नाही, पहा."

उल्काला बसावंसं वाटलं, म्हणून ती जिन्याच्या पायरीवर बसली. अमेरिकेच्या त्या जुन्या तडजोडीत निदान एवढं तरी सरळ होतं, की ज्यांच्याबद्दल चाललं होतं ती माणसं त्या खोलीत नव्हतीच. इथे निशिगंधा खोलीत होती. पडद्यावर तिचं नाव होतं. आणि तरी उल्काने तिच्यावतीने आधी पड खाल्ली आणि मग तिच्यावतीने शूरपणाही करून टाकला.

"मग काढू का परत?" तिने विचारलं, आणि विचारल्याबरोबर वाटलं की फोन कुठेतरी फेकून द्यावा.

पलीकडे किटलीत पाणी उकळल्याचा आवाज आला.

"आता तू ते मोठ्यांदा वाचलंस," निशिगंधा म्हणाली. "ते नाव काढून टाका, असं माझ्या तोंडून वदवून घेऊ नको. तेवढं नाही करायची मी."

"मग काय करू?"

"मला एक सांग. तुला हवं आहे का ते तिथे? माझ्यासाठी नको सांगू. तुला?"

उल्काने खरंच विचार केला. हो म्हणणं सोपं होतं. पण तिच्या घरी ती तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा लाल आकडा होता, त्या दिवशी उशिरा उठायचं असायचं. तिला हवं होतं, की तिला चांगलं दिसायचं होतं?

"माहीत नाही गं," ती म्हणाली.

"चला. एक तरी गोष्ट खरी बोलली." निशिगंधाने जांभई दिली. "कळलं की सांग. मी झोपते आता."

दोन दिवसांनी रवींद्र दाराशी आला, नियमाप्रमाणे लांब फुटपाथवर उभा राहिला. नंदकुमारदादा परत यायला तयार होते. फक्त निशिगंधाने ग्रुपवर लिहायचं, 'जुन्या मसुद्याला माझी हरकत नाही.' बस. नाचही होईल.

"तुम्ही बोला ना तिच्याशी, वहिनी. तुमचं ऐकते ती."

"तिच्याशी नाही बोलायचं यावर," उल्का म्हणाली. "ओळ मी घातली. हरकत आहे की नाही ते मला विचारा."

"बरं, मग तुमची आहे का हरकत?"

रवींद्र थंडीत हात चोळत वाट बघत राहिला. शेवटी ती म्हणाली, "लिहिते ग्रुपवर," आणि दार लावून घेतलं.

लिहायला दुपार गेली. जे जमलं ते असं: 'कलम सातमधलं नाव मी घातलं. मला कुणीही सांगितलं नव्हतं, निशिगंधाने तर नाहीच. ते मला हवं आहे. का, ते मला अजून नीट मांडता येत नाही. पण घटना लिहायला बसायचं आणि नेमकं तेच नाव इतरांत ढकलायचं, अशा कागदावर मला सही करता येणार नाही. ज्यांना राग यायचा त्यांनी माझ्यावर धरावा.'

शोभनाकाकूंनी, ज्या मुलाकडे म्हणून आल्या आणि विमानं बंद झाल्याने इथेच अडकल्या होत्या, अंगठा दाखवला. त्यांनी तो चुकून दाबला असेल, असं प्रताप म्हणाला. आणखी तीनचार अंगठे आले. ॲडम्सटाउनमधून कुणी काही लिहिलं नाही, एकेक जण ग्रुप सोडून गेला, शेवटी नंदकुमारदादा. जाताना त्यांनी 'सर्वांना शुभेच्छा' लिहिलं. उल्काला तेव्हा त्यांच्या घरची पहिल्या दिवशीची खिचडी आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. आपण बरोबर केलं असेल तर हे पाणी कशाचं, तेही कळेना.

"सो, युअर मॅन उठून गेला?" तन्वीने विचारलं. इथे कुणाही माणसाला 'युअर मॅन' म्हणतात, त्यात उल्काचं काही नसतं. "आमच्या क्लासमध्ये साउथ कॅरोलायनाला कुणी जाऊच दिलं नाही. बाई म्हणाल्या, गेली असती तर काय झालं असतं, नोबडी नोज."

"बरं झालं असतं की वाईट?"

"नोबडी नोज, आई."

पाडवा झाला. उरलेल्या घरांनी आपापल्या बागेत गुढ्या उभ्या करून फोटो टाकले. सानिकाने शनिवारच्या वर्गात उल्काशी बोलणं टाकलं होतं, विचारलेल्या प्रश्नांना तेवढी मान हलवायची. निशिगंधाने कलम सातबद्दल पुन्हा शब्द काढला नव्हता. 'पोचला तुझा मेसेज,' एवढंच आलं होतं.

चौदा तारखेला संध्याकाळी उल्काने झूम चालू केलं. प्रतापने घरच्या प्रिंटरवर बाबासाहेबांचा फोटो छापला होता. शाई संपत आलेली, त्यामुळे कोटाचा निळा रंग जरा फिका उतरला होता. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर फोटो, बागेतली पिवळी डॅफोडिलची फुलं. खिडक्या उघडल्या: रवींद्र, शोभनाकाकू, दोन घरं ओंगारची, तीन टॅलाची. निशिगंधा नव्हती.

उल्काने सर्वांचं स्वागत केलं. मग ती थांबली. गणपतीत पुढे काय करायचं हे हाताला ठाऊक असतं. इथे हात नुसते टेबलावर पडले होते. आरती तर नसणार. दिवा लावायचा की मेणबत्ती? हार आधी की वंदना? तिने इंटरनेटवर वाचलं होतं आणि ते सगळं आता डोक्यात एकमेकांत कालवलं गेलं होतं. टॅलाच्या घरांतली माणसं सभ्यपणे वाट बघत होती.

तेवढ्यात आणखी एक खिडकी उघडली. निशिगंधा, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये आपल्या गाडीत बसलेली, मास्क हनुवटीखाली, मांडीवर डबा.

"ब्रेकमध्ये आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "चालू ठेवा."

उल्काला दोन गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. काहीतरी अंदाजाने रेटून नेणं, जे तिला चांगलं जमायचं. किंवा दुसरी.

"निशिगंधा, पुढे काय करतात ते मला माहीत नाही," ती सर्वांसमोर म्हणाली. "तू सांगतेस का?"

निशिगंधा तिच्याकडे बघत राहिली. बराच वेळ, की पडदा अडकला होता, कोण जाणे. मग तिने पोळीचा तुकडा मोडला.

"सांगते," ती म्हणाली. "थांब जरा. दोन घास राहिलेत."

आणि सगळे थांबले.